हायड्रोजन असूनही आम्ल का नाही? कोणतेही संयुग पारखण्याची पायरीपायरीने पद्धत

साखरेच्या एका रेणूत हायड्रोजनचे २२ अणू असतात, तर हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत केवळ १ असतो. तरीही साखरेच्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवला तर तो निळाच राहतो, आणि हायड्रोजन क्लोराइडच्या जलीय द्रावणात तो तत्काळ तांबडा होतो. नववी-दहावीच्या विज्ञानात या विसंगतीवर एक ठरलेला प्रश्न असतो: ग्लुकोज आणि अल्कोहोल यांत हायड्रोजन असूनही ती आम्ले का नाहीत? त्याचे उत्तरही ठरलेले असते: त्यांच्या जलीय द्रावणात हायड्रोजन आयन तयार होत नाहीत. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते प्रश्नच वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडते. आयन का तयार होत नाहीत, हे त्यातून कळत नाही.

त्यापुढे विचारले की विद्यार्थी सहसा "त्यांतील बंध सहसंयुज आहेत म्हणून" असे सांगतात. येथे खरी चूक होते, कारण हायड्रोजन क्लोराइडमधील बंधही सहसंयुजच, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून बनलेला, आहे. "बंध मजबूत आहे म्हणून तुटत नाही" हे दुसरे उत्तरही टिकत नाही. हायड्रोजन–क्लोरीन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४३१ किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन–हायड्रोजन बंधास सरासरी ४१३ आणि नायट्रोजन–हायड्रोजन बंधास सुमारे ३९१. मजबुतीवरच सारे ठरत असते, तर मिथेन आणि अमोनिया यांनी हायड्रोजन क्लोराइडपेक्षा अधिक सहज हायड्रोजन आयन दिले असते. या आकड्यांत गोम अशी आहे की ते बंधातील दोन इलेक्ट्रॉनांपैकी एकेक दोन्ही अणूंकडे जाईल असे धरून मोजलेले असतात. आम्ल मात्र तसे तुटत नाही. हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून केवळ धनप्रभारित केंद्रक म्हणून निघून जातो आणि दोन्ही इलेक्ट्रॉन उरलेल्या भागाकडे राहतात. त्यामुळे बंध किती बळकट आहे यापेक्षा, उरलेला भाग तो ऋणप्रभार पेलू शकतो का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

म्हणून पुढील पद्धतीत प्रत्येक संयुगाला तीन प्रश्न विचारायचे आहेत: हायड्रोजन कोणाला जोडलेला आहे, तो गेल्यावर मागे काय उरते, आणि त्याला घेणारे समोर कोणी आहे का. त्यानंतर प्रयोगाने पडताळणी करायची.

हे प्रश्न रसायनशास्त्राला सहज सापडलेले नाहीत. आम्लतेचे मूळ ऑक्सिजनमध्ये आहे, असे लाव्हाझिये मानत असे. १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवले आणि लक्ष हायड्रोजनकडे वळले. १८३८ मध्ये लीबिगने त्यात महत्त्वाची मर्यादा घातली: आम्लता कोणत्याही हायड्रोजनमुळे येत नाही, धातूने ज्याची जागा घेता येते अशा हायड्रोजनमुळे येते. स्वांटे अऱ्हेनियसने १८८४ पासून मांडलेल्या विचरणाच्या, म्हणजे द्रावणात पदार्थ आयनांत विभागला जाण्याच्या, सिद्धान्ताने त्याला आयनांचा आधार दिला, आणि १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी स्वतंत्रपणे आम्लाची व्याख्या प्रोटॉन (म्हणजेच हायड्रोजन आयन) देणारा पदार्थ अशी केली. "देणारा" म्हटले की घेणाराही आलाच. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

पहिली पायरी: रेणुसूत्रावर थांबू नका, रचनासूत्र काढा

रेणुसूत्र अणूंची संख्या सांगते, त्यांची जागा सांगत नाही. ॲसेटिक आम्ल आणि मिथिल फॉर्मेट या दोन्ही संयुगांत कार्बनचे २, हायड्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू आहेत. पहिले व्हिनेगरला आंबटपणा देते. दुसरे एक एस्टर आहे आणि ते आम्ल नाही. फरक इतकाच की ॲसेटिक आम्लातील चारपैकी एक हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला आहे, तर मिथिल फॉर्मेटमधील चारही कार्बनला जोडलेले आहेत. ॲसेटिक आम्लातही कार्बनला चिकटलेले तीन हायड्रोजन पाण्यात जागचे हलत नाहीत, आणि म्हणूनच सोडिअम ॲसेटेटमध्ये सोडिअमचा एकच अणू येतो. एखादे संयुग आम्ल आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते विधान बहुधा त्यातील एखाद-दुसऱ्या हायड्रोजनपुरतेच असते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण फॉस्फरसच्या तीन आम्लांत मिळते, आणि वर्गात ते फळ्यावर काढून दाखवण्यासारखे आहे. फॉस्फोरिक, फॉस्फरस आणि हायपोफॉस्फरस या तिन्ही आम्लांच्या रेणूत हायड्रोजनचे ३ अणू व फॉस्फरसचा १ अणू आहे. ऑक्सिजन मात्र अनुक्रमे ४, ३ आणि २ आहेत. केवळ सूत्र पाहणारा विद्यार्थी तिन्हींना तीन हायड्रोजन आयन देणारी आम्ले ठरवील. प्रत्यक्षात पुरेसे सोडिअम हायड्रॉक्साइड घातले, तर फॉस्फोरिक आम्लातील तिन्ही, फॉस्फरस आम्लातील दोन आणि हायपोफॉस्फरस आम्लातील एकाच हायड्रोजनची जागा सोडिअम घेतो. रचनासूत्र काढले की कारण समोर येते: फॉस्फोरिक आम्लातील तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेले आहेत, फॉस्फरस आम्लात एक आणि हायपोफॉस्फरस आम्लात दोन हायड्रोजन थेट फॉस्फरसला जोडलेले आहेत, आणि फॉस्फरसला जोडलेला हायड्रोजन निघत नाही. एकाच रेणूतील काही हायड्रोजन आम्लधर्मी आणि काही नाहीत, ही गोष्ट येथे एकदा नीट उमगली की ग्लुकोजचा प्रश्न निम्मा सुटतो.

दुसरी पायरी: हायड्रोजनचा शेजारी ओळखा

रचनासूत्रात प्रत्येक हायड्रोजनभोवती वर्तुळ काढा आणि तो कोणत्या अणूला जोडलेला आहे ते लिहा. शेजारी अणूची विद्युतऋणता, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता, येथे पहिला संकेत देते. पाउलिंगच्या मापनश्रेणीवर हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, कार्बनची २.५५, नायट्रोजनची ३.०४, क्लोरीनची ३.१६ आणि ऑक्सिजनची ३.४४ आहे.

शेजारी कार्बन असेल तर बंध जवळजवळ अध्रुवीय असतो आणि पाण्यात त्या हायड्रोजनकडून काही अपेक्षा ठेवू नये. मिथेन, स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्यूटेन, मेण आणि रॉकेलमधील हायड्रोकार्बने यांचा निकाल येथेच लागतो.

शेजारी नायट्रोजन असेल तर सहसा उलटाच प्रकार घडतो. अमोनियातील नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक एकाकी, म्हणजे कोणत्याही बंधात न गुंतलेली, जोडी असते आणि तो पाण्याकडून प्रोटॉन घेऊन अमोनिअम आयन बनतो. मागे हायड्रॉक्साइड आयन राहतात आणि द्रावण तांबड्या लिटमसला निळे करते. तीन हायड्रोजन असलेले हे संयुग पाण्यात आम्लारी म्हणून वागते.

शेजारी सोडिअम किंवा कॅल्शिअमसारखा धातू असेल, तर हायड्रोजनच इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ऋणप्रभारित हायड्राइड आयन म्हणून राहतो. कॅल्शिअम हायड्राइड पाण्यात टाकले की हायड्रोजन वायू सुटतो आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड उरते, म्हणजे आम्लाच्या अगदी विरुद्ध परिणाम. हायड्रोजनयुक्त संयुग आम्लधर्मी असलेच पाहिजे, या समजुतीला याहून थेट उत्तर नाही.

शेजारी क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असेल तर संयुग पाण्यात प्रबळ आम्ल असते. उरला ऑक्सिजन, आणि खरा गुंता तेथेच आहे.

तिसरी पायरी: हायड्रोजन गेल्यावर काय उरते ते पाहा

इथेनॉल, सोडिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल या तिन्हींमध्ये हायड्रोजन ऑक्सिजनलाच जोडलेला आहे. तरीही पाण्यात पहिले उदासीन, दुसरे आम्लारी आणि तिसरे प्रबळ आम्ल आहे. याचा अर्थ, शेजारी ओळखून काम संपत नाही. ऑक्सिजनच्या पलीकडे काय आहे हेही पाहावे लागते. सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या पलीकडे सोडिअम आयन आहे. तो पाण्यात सुटा होतो आणि ऑक्सिजन व हायड्रोजन ही जोडी हायड्रॉक्साइड आयन म्हणून अखंड बाहेर पडते. सल्फ्युरिक आम्लात पलीकडे गंधक आहे आणि त्याला आणखी ऑक्सिजन जोडलेले आहेत. प्रोटॉन गेल्यावर उरणारा ऋणप्रभार त्या सर्व ऑक्सिजनांवर वाटला जातो. इथेनॉलमध्ये पलीकडे केवळ कार्बनची साखळी आहे. ती प्रभाराची वाटणी करत नाही, त्यामुळे सारा ऋणप्रभार एकाच ऑक्सिजनवर साचतो आणि असा इथॉक्साइड आयन मिळेल तेथून प्रोटॉन परत घेतो. पाण्यात तो तत्काळ पाण्याचाच प्रोटॉन घेईल.

हा फरक मोजण्यासाठी पीकेए ही संख्या वापरतात. ती जितकी लहान तितके आम्ल प्रबळ, आणि तिच्यातील १ चा फरक म्हणजे आम्लतेत १० पटींचा फरक. ॲसेटिक आम्लाची पीकेए ४.७६ आहे, फिनॉलची सुमारे १०, इथेनॉलची सुमारे १६, अमोनियाची ३५ च्या पुढे आणि मिथेनची ५० च्या आसपास. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल या दोहोंत प्रोटॉन ऑक्सिजनवरूनच जातो, तरी त्यांच्यात १० च्या ११व्या घाताइतके अंतर पडते, ते मुख्यतः ॲसेटेट आयनातील दोन ऑक्सिजन प्रभार वाटून घेतात म्हणून. फिनॉल मध्ये कुठेतरी बसते, कारण तेथे बेंझिनचे वलय प्रभाराचा काही भाग उचलते.

आता ग्लुकोजकडे येऊ. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे १२ अणू आहेत. नेहमीच्या वलयाकार रचनेत त्यांतील ७ कार्बनला आणि ५ ऑक्सिजनला जोडलेले असतात. पहिले ७ दुसऱ्या पायरीवरच बाद होतात. उरलेले ५ अल्कोहोलच्याच प्रकारचे आहेत. त्यांतील एखादा गेला तरी प्रभार वाटून घेणारी रचना रेणूत नाही. ग्लुकोजची पीकेए १२ च्या थोडी वर आहे, म्हणजे ते अल्कोहोलपेक्षा काहीसे पुढे आहे, पण लिटमसला त्याची दखल घ्यावी लागेल इतके नव्हे. याच्या शेजारी क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, ठेवून पाहावे. त्यातही कार्बन ६ आणि ऑक्सिजन ६ आहेत, आणि हायड्रोजन तर ग्लुकोजपेक्षा कमी, केवळ ८ आहेत. सेंद्रिय आम्लांत सहसा आढळणारा कार्बॉक्सिल गटही त्यात नाही. तरी त्याची पीकेए ४.२ च्या जवळपास आहे, कारण त्याचा आम्लधर्मी ऑक्सिजन दुहेरी बंधातील कार्बनवर बसलेला आहे आणि प्रोटॉन गेल्यावर ऋणप्रभार त्या दुहेरी बंधामार्गे दूरच्या ऑक्सिजनपर्यंत पसरतो. हायड्रोजन मोजून आम्लता ठरवणाऱ्याने ही दोन रचनासूत्रे एकदा शेजारी शेजारी काढावीत.

चौथी पायरी: प्रोटॉन घेणारा कोण आहे ते विचारा

कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसवर सोडला तर रंग बदलत नाही, आणि हाच वायू टोल्यूईनमध्ये विरघळवला तर ते द्रावण वीज वाहून नेत नाही. पाणी आले की चित्र पालटते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन आपल्या एकाकी जोडीने प्रोटॉन स्वीकारतो, हायड्रोनिअम आयन बनतो, आणि दोन्ही आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होताना जी ऊर्जा बाहेर पडते ती बंध तुटण्याची किंमत भरून काढते.

पाणी असे घेणारे असले तरी ते स्वतःही प्रोटॉन देऊ शकते, आणि अल्कोहोलची आम्लता जवळपास पाण्याइतकीच आहे. १ लिटर पाण्यात सुमारे ५५ मोल पाणी असते; त्यात मिसळलेल्या थोड्या इथेनॉलचा वाटा या गर्दीत वेगळा दिसूच शकत नाही. शुद्ध पाण्यातही २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकाच रेणूचे आयन झालेले असते. "अल्कोहोल आम्ल नाही" या वाक्याचा काटेकोर अर्थ "पाण्यात त्याची आम्लता पाण्याहून वेगळी जाणवत नाही" असा आहे. सोडिअम धातूचा तुकडा इथेनॉलमध्ये टाकला की हायड्रोजन वायू सुटतो, हे पाहून जो विद्यार्थी गोंधळतो त्याला हेच सांगावे: समोर पुरेसा आग्रही घेणारा आला की अल्कोहोलही तो हायड्रोजन देते. उलट, द्रवरूप अमोनियात ॲसेटिक आम्ल प्रबळ आम्लासारखे वागते, कारण अमोनिया पाण्यापेक्षा प्रोटॉनसाठी अधिक उत्सुक आहे.

पाचवी पायरी: प्रयोगाने पडताळा

घरच्या प्रयोगासाठी ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ३३० ओहमचा रोधक, पेन्सिलीतील शिशाच्या दोन कांड्या आणि काचेचा छोटा पेला पुरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे ते स्वतःच वीज वाहते आणि निष्कर्ष बिघडतो. बॅटरी, रोधक, एलईडी आणि दोन कांड्या एकसर जोडणीत जोडाव्यात व कांड्यांची टोके एकमेकींना न लागता द्रावणात बुडवावीत. घरातील विजेच्या प्लगमधून जोडणी कदापि करू नये. दर्शक म्हणून जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून गाळलेला अर्क चांगला: आम्लात तो गुलाबी-किरमिजी होतो आणि आम्लारीत हिरवा. हळद येथे उपयोगाची नाही, कारण ती आम्लारी दाखवते पण आम्ल आणि उदासीन द्रावण यांत भेद करत नाही.

प्रथम डिस्टिल्ड वॉटर तपासा, मग साखर, औषधांच्या दुकानातील ग्लिसरीन, पांढरे व्हिनेगर, मीठ, खाण्याचा सोडा आणि तुरटी यांची द्रावणे एकेक करून तपासा. दर वेळी कांड्या आणि पेला डिस्टिल्ड वॉटरने धुवा. अल्कोहोलऐवजी ग्लिसरीन सुचवण्याचे कारण असे की त्यात ऑक्सिजनला जोडलेले तीन हायड्रोजन आहेत आणि ते स्पिरिटसारखे चटकन पेट घेत नाही. ग्लुकोज वापरायचे असल्यास ते साधे असावे, कारण लिंबाच्या किंवा संत्र्याच्या चवीच्या पावडरीत सायट्रिक आम्ल असू शकते. मिठाच्या द्रावणातून वीज जाताना थोडा क्लोरीन वायू सुटू शकतो, म्हणून ती चाचणी खिडकी उघडून काही सेकंदांतच आटोपावी.

साखर आणि ग्लिसरीन यांत एलईडी लागत नाही आणि अर्काचा रंगही बदलत नाही. व्हिनेगरमध्ये एलईडी लागतो पण मिठाच्या तुलनेत मंद, कारण ॲसेटिक आम्लाचे थोडेच रेणू आयनांत विभागलेले असतात. अर्क गुलाबी होतो. मिठात एलईडी नीट लागतो, पण अर्कात बदल दिसत नाही. यावरून एक मुद्दा पक्का करावा: वीज वाहणे म्हणजे आयन असणे, आम्ल असणे नव्हे. म्हणून विद्युतवहन आणि दर्शक या दोन्ही चाचण्या लागतात. खाण्याच्या सोड्याच्या सूत्रात हायड्रोजन आहे आणि त्याच्या द्रावणात वीजही वाहते, तरी अर्क हिरवट होतो. तिसरी चाचणी म्हणून प्रत्येक द्रावणात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. व्हिनेगर फसफसते, साखरेचे पाणी शांत राहते.

तुरटीचा निकाल विद्यार्थ्यांना चकवतो, आणि माझ्या मते तोच या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग आहे. तुरटीच्या स्फटिकातील सर्व २४ हायड्रोजन पाण्याच्या १२ रेणूंचे आहेत, तरी तिच्या द्रावणात अर्क गुलाबी होतो. द्रावणात ॲल्युमिनिअम आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात आणि त्या आयनाचा तिहेरी धनप्रभार त्यांच्यातील इलेक्ट्रॉन इतके आपल्याकडे खेचतो की एखादा प्रोटॉन सुटून बाहेरच्या पाण्याकडे जातो. एरवी आम्ल नसलेला पाण्याचाच हायड्रोजन शेजार बदलल्यावर आम्लधर्मी होतो.

सहावी पायरी: उत्तर लिहा

परीक्षेत दोन-तीन गुणांसाठी पुढील उत्तर पुरेसे आहे: "आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते व पाणी ते स्वीकारून हायड्रोनिअम आयन बनते. ग्लुकोज व अल्कोहोल यांतील बहुतेक हायड्रोजन कार्बनला जोडलेले असून ते पाण्यात सुटे होत नाहीत. ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन निघाल्यास उरणारा ऋण आयन स्थिर नसतो, म्हणून त्यांचे लक्षणीय विचरण होत नाही. परिणामी त्यांच्या द्रावणात वीज वाहत नाही व निळा लिटमस तांबडा होत नाही." यात "सहसंयुज असल्यामुळे" हे शब्द घालू नयेत.

सरावासाठी युरिया, फॉर्मिक आम्ल, इथर आणि सोडिअम बायसल्फेट घ्यावीत. शेवटी बोरिक आम्ल घ्यावे, जे कॅरमच्या पटावर पावडर म्हणून पसरतात. त्याचे तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेले आहेत, म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवरून ते तीन आयन देईल असे वाटते. प्रत्यक्षात ते एकच देते, आणि तोही स्वतःचा नसतो. बोरॉनभोवती केवळ सहा इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो पाण्याच्या रेणूतील हायड्रॉक्साइडला आपल्याशी जोडून घेतो, आणि त्या पाण्याचा उरलेला प्रोटॉन दुसऱ्या पाण्याच्या रेणूकडे जातो. त्याची पीकेए ९.२ च्या आसपास आहे. येथे पहिला प्रश्न हायड्रोजनऐवजी बोरॉनला विचारावा लागतो.